शिवणकामात वाफेची इस्त्री: पाणी का गळतं, फ्युजिंग का फुगतं, कापड का चकाकतं

प्रश्न थोडक्यात असा: घरी शिवायला सुरुवात करून काही महिने झाले, वाफेची इस्त्री नवी घेतली. धुतलेल्या कपड्यांवर ती उत्तम चालते. पण शिवायला बसलं की मध्येच पाणी ठिबकून डाग पडतात, कॉलरचं फ्युजिंग (कॉलर ताठ राहावी म्हणून आतून इस्त्रीने चिकटवलेला थर) पहिल्याच धुण्यात फुगतं आणि गडद पॉलिस्टरवर टिपेच्या दोन्ही बाजूंना चकाकती रेघ उमटते. इस्त्री बदलावी का? आणि तिच्यात पाणी कोणतं घालावं?

इस्त्री बदलू नका. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: धुतलेल्या कपड्यांना इस्त्री करायची सवय तशीच्या तशी शिवणाला लावलेली असते. धुतलेल्या कपड्यावर आपण इस्त्री फिरवतो, कारण चुण्या घालवायच्या असतात. शिवताना इस्त्री हे कात्रीइतकंच महत्त्वाचं हत्यार आहे. टीप बसवणं, मार्जिन (टिपेबाहेर सोडलेलं कापड) उघडणं, टक्सला (आकारासाठी कापड चिमटून मारलेल्या शिवणीला) गोलाई देणं, बाहीच्या माथ्यावरचा झोल (तिथलं जास्तीचं कापड) जिरवणं, म्हणजे सपाट कापडाला नवा आकार द्यायचा आणि तो तिथेच टिकवायचा. त्याला चार गोष्टी लागतात: उष्णता, ओल, दाब आणि शेवटी न हलवता थंड होऊन कोरडं होणं. वाफेची इस्त्री यातल्या पहिल्या दोन देते. दाब हाताने द्यावा लागतो, आणि थंड होईपर्यंत थांबावं लागतं.

हे असं का, ते एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. सुती आणि लिननच्या धाग्यात पाणी शिरलं की आतले बंध सैल होतात, धागा वाकायला तयार होतो. पाणी उडून गेलं की तेच बंध नव्या जागी पक्के होतात. लोकरीचंही तसंच, फक्त तिला कमी उष्णता पुरते. म्हणून वाफ मारलेलं, अजून दमट असलेलं कापड उचलून हँगरला लावलं की दिलेला आकार तिथेच निसटतो. पॉलिस्टर पाणी जवळपास पीतच नाही. ते नुसत्या उष्णतेने, ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ व्हायला लागतं आणि थंड होताना ज्या आकारात असेल त्यात कडक होतं. चुकीची घडी त्यावर एकदा पक्की बसली की निघता निघत नाही, ती याच कारणाने.

आता पाणी गळण्याकडे येऊ.

साध्या वाफेच्या इस्त्रीत टाकीतलं पाणी उकळत नसतं. ते एका बारीक झडपेतून थेंबाथेंबाने तळाच्या वरच्या तापलेल्या कप्प्यात पडतं, तिथे त्याची वाफ होते आणि तळाच्या भोकांतून बाहेर येते. कप्पा पुरेसा तापलेला नसेल तर थेंब तसाच खाली उतरतो. गळण्याचं नव्वद टक्के उत्तर एवढंच आहे. यात विजेचाही हिशोब आहे. एक ग्रॅम पाणी २५ अंशांवरून तापवून त्याची वाफ करायला साधारण २.५७ किलोज्यूल लागतात. मिनिटाला २० ग्रॅम वाफ हवी असेल तर एवढ्यालाच सुमारे ८६० वॉट खर्ची पडतात, ३० ग्रॅमला १२८५ वॉट. म्हणजे १२०० वॉटची इस्त्री वाफेच्या नॉबवर शेवटच्या आकड्याला लावून सतत चालवली तर तळ थंड पडत जाणार आणि थोड्या वेळाने पाणी येणार. तो दोष इस्त्रीचा नाही.

शिवताना हे जास्त घडतं, कारण आपलं काम तुटक असतं. अर्धा मिनिट इस्त्री, मग दहा मिनिटं मशीनवर. ज्या इस्त्रीत आपोआप बंद व्हायची सोय असते, ती आडवी ठेवली तर साधारण ३० सेकंदांत आणि उभी ठेवली तर ८ मिनिटांच्या आसपास बंद होते. आपण परत येतो, हाताला तळ गरम वाटतो, वाफेचं बटण दाबतो आणि रेशमावर पाण्याचा डाग पडतो. त्यामुळे परत आल्यावर आधी दिवा पाहायचा. इस्त्री हलवून जागी करायची, दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि पहिली वाफ जुन्या सुती फडक्यावर सोडायची. त्या पहिल्या वाफेबरोबर नळीत अडकलेलं पाणी आणि क्षाराचा एखादा कण येतो. तो कापडापेक्षा फडक्यावर आलेला बरा.

तापमानाचा नॉब दोन ठिपक्यांच्या खाली असेल तर वाफ बंद ठेवा. एक ठिपका म्हणजे तळ साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. ११० अंशांवर कप्प्यात वाफेसाठी उष्णता शिल्लकच राहत नाही. काही इस्त्र्यांत कमी तापमानाला झडप आपोआप बंद होते, पण तिच्यावर विसंबू नका. जोराच्या वाफेचं बटण लागोपाठ दाबायचं नाही. दोन दाबांमध्ये चार-पाच सेकंद जाऊ द्या. टाकी कमाल रेषेच्या वर भरू नका. आणि भरताना प्लग काढलेला असू द्या. एवढं सगळं पाळूनही गळत असेल, तर झडपेत क्षार अडकून ती पूर्ण मिटत नाही किंवा रबराची वायसर गेली आहे असं समजा.

इथेच कामाची पद्धतही थोडी बदलता येते. प्रत्येक टिपेनंतर उठायची गरज नसते. एकमेकींना न छेदणाऱ्या टिपा आधी सगळ्या मारून घ्या: दोन्ही टक्स, दोन्ही खांदे, खिशांच्या पट्ट्या. मग एकदम इस्त्रीकडे जा. नियम एकच, आणि तो मोडायचा नाही: ज्या टिपेवरून दुसरी टीप जाणार आहे, ती आधी इस्त्रीने बसलेली हवी. न बसलेल्या टिपेवरून दुसरी टीप गेली की आतली गुंडाळी कायमची शिवली जाते.

पाणी कोणतं? इस्त्रीतून फक्त वाफ बाहेर पडते. पाण्यात विरघळलेलं बाकी सगळं आतच राहतं. लिटरला २०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेलं पाणी घ्या. एका बैठकीला ३०० मिलिलिटर पाणी संपलं तर ६० मिलिग्रॅम क्षार आत गेला. वर्षाला अशा १५० बैठका धरल्या तर ९ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ दोन चहाचे चमचे भरून पांढरी पूड, आणि तीही काडीएवढ्या वाटा असलेल्या कप्प्यात. लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वरचं पाणी कठीण धरतात, १८०च्या वरचं फार कठीण. पातेल्याच्या किंवा गीझरच्या आत पांढरा थर बसत असेल तर तुमचं पाणी कठीण आहे, वेगळी तपासणी नको.

अशा वेळी नळाचं पाणी आणि डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी निम्मं-निम्मं मिसळणं हा बहुतेक इस्त्र्यांना मानवणारा मार्ग आहे. नुसतं डिस्टिल्ड घालायचं असेल तर आधी माहितीपत्रक पाहा. काही कंपन्या ते चालेल म्हणतात, काही मिसळूनच घाला म्हणतात, कारण काही इस्त्र्या नुसत्या डिस्टिल्डवर थुंकल्यासारखे थेंब टाकतात. आरओचं पाणी चांगलं चालतं, क्षार त्यातही असतो पण खूप कमी. यातलं काहीच हाताशी नसेल तर पाणी उकळा, थंड होऊन तळाशी गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. याने कठीणपणाचा एक भाग कमी होतो, सगळा नाही. मीठ वापरून मऊ केलेलं सॉफ्टनरचं पाणी मात्र नको: त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, विरघळलेला ऐवज कमी झालेला नसतो. एसीतून ठिबकणारं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात धूळ आणि बुरशी असते. टाकीत अत्तर, स्टार्च, कपडे मऊ करायचं औषध कधीही घालू नका. ते कप्प्यात करपतं आणि पुढे कित्येक दिवस तपकिरी थेंब पडत राहतात. स्टार्च हवाच असेल तर वेगळ्या फवाऱ्याने कापडावर मारा, मिनिटभर मुरू द्या आणि वाफ बंद ठेवून इस्त्री करा.

काम संपलं की वाफेचा नॉब बंद करा, प्लग काढा आणि इस्त्री कोमट असतानाच टाकी उलटी करून रिकामी करा. आतली उरलेली ओल त्या उबेने वाळते. पाणी तसंच ठेवून इस्त्री आडवी झोपवली तर रात्रभर ते झडपेतून कप्प्यात झिरपतं, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्री तापताच गढूळ पाणी पडतं. ठेवायची ती उभीच.

महिन्यातून एकदा, पाणी कठीण असेल तर पंधरा दिवसांनी, आत धुऊन घ्यायचं. टाकी पूर्ण भरा, तापमान शेवटपर्यंत न्या, दिवा एकदा विझून पुन्हा लागून पुन्हा विझू द्या. प्लग काढा, इस्त्री मोरीवर आडवी धरा, स्वच्छतेचं बटण दाबून धरा किंवा नॉब त्या खुणेवर न्या, आणि इस्त्री पुढे-मागे हलवत राहा. उकळतं पाणी, वाफ आणि पांढरे-करडे कण पडतील. हात वाफेच्या वाटेत नको. टाकी रिकामी झाली की पुन्हा प्लग लावून दोन मिनिटं तापवा आणि जुन्या फडक्यावर फिरवून भोकं कोरडी करा. व्हिनेगर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. बऱ्याच कंपन्या त्याला स्पष्ट नाही म्हणतात, कारण आम्लाने रबर आणि कप्प्यातला लेप खराब होऊ शकतो. तुमच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तरच घाला. माझं मत विचाराल तर वेळच्या वेळी साध्या पाण्याने धुतलं तर आम्लाची वेळच येत नाही.

आता फ्युजिंग, कारण घरच्या शिवणात सगळ्यात जास्त निराशा इथे पदरी पडते.

चिकट बक्रम असो की विणलेलं पातळ फ्युजिंग, त्याच्या एका बाजूला गोंदाचे बारीक ठिपके असतात. उजेडात तिरकं धरलं की ते चमकतात, बोटाला खरखरीत लागतात. ती बाजू कापडाच्या उलट बाजूवर बसवायची. गोंद वितळून धाग्यांत शिरला पाहिजे, आणि त्यासाठी तापमान, वेळ आणि दाब तिन्ही एकाच जागी मिळाले पाहिजेत. इस्त्री फिरवली की एका जागेला दोन सेकंदही मिळत नाहीत. गोंद अर्धवट वितळून वरवर चिकटतो. हाताला पक्कं वाटतं, आणि पहिल्या धुण्यात फुगे येतात.

आधी कापड धुऊन वाळवून घ्या. नव्या सुती कापडात शंभर सेंटीमीटरला तीन ते पाच सेंटीमीटर आटणं काही नवीन नाही. फ्युजिंग आटलं नाही आणि कापड आटलं, तर फुगा येणारच. तिथे इस्त्रीने काही होत नाही. विणलेलं फ्युजिंगही कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून, न पिळता, टॉवेलवर पसरून वाळवून घेतलेलं चांगलं. कापताना कापडाच्या तुकड्यापेक्षा सगळीकडून दोन-तीन मिलिमीटर लहान कापा, म्हणजे गोंद बाहेर येऊन इस्त्रीच्या पाटाला किंवा तळाला लागत नाही. उभा धागा दोन्हींचा एकाच दिशेला.

मग दहा बाय दहा सेंटीमीटरचा नमुना करा. हा टाळू नका. कापड आधी इस्त्रीने तापवून त्यातली ओल काढा, फ्युजिंग ठेवा, आधी दोन-तीन जागी नुसतं टोकाने टेकवून अडकवा. त्यावर मलमलीचं ओलं करून घट्ट पिळलेलं फडकं घाला. इस्त्री दोन आणि तीन ठिपक्यांच्या मध्ये, वाफ बंद. सरळ खाली टेकवा, दुसरा हात वर ठेवून अंगाचा भार द्या आणि दहा ते पंधरा सेकंद मोजा. फडकं चर्र वाजेल, वाफ येईल, आणि आवाज थांबेल तेव्हा ते जवळजवळ कोरडं झालेलं असेल. आवाज थांबणं ही चांगली खूण आहे. इस्त्री उचला, सरकवू नका, आणि आधीच्या जागेवर अर्धी येईल अशी पुढे टेकवा. पुड्यावर वेगळी सूचना असेल तर तीच पाळा. काही फ्युजिंगला ओल चालत नाही.

वाफेची इस्त्री असून वाफ बंद का, तर तळाकडे पाहा. भोकांच्या जागी धातूच नाही, तिथे दाबही नाही. एकाच जागी टेकवून उचललेल्या फ्युजिंगवर कधीकधी भोकांची नक्षी जशीच्या तशी सुटलेली दिसते, ती याचमुळे. शिवाय सतत वाफ सोडली तर तळ थंडावतो, हे वर पाहिलंच. ओल्या फडक्यातून येणारी वाफ सगळीकडे सारखी असते आणि दाबाखाली तयार होते. म्हणून दुसऱ्या वेळी इस्त्री अर्ध्याने सरकवून टेकवायची, म्हणजे भोकांखाली राहिलेली जागा भरते.

झालं की तुकडा तिथेच, सपाट, पूर्ण थंड होईपर्यंत पडू द्या. पाच मिनिटं तरी. गरम असताना गोंद अजून मऊ असतो. उचलून वाकवला की पकड सुटते. थंड झाल्यावर एका कोपऱ्यातून सोलून पाहा. कागदासारखं सहज निघालं तर वेळ किंवा तापमान कमी पडलं. इस्त्री करतानाच सुरकुतलं तर फ्युजिंगला उष्णता जास्त झाली. सुलट बाजूला बारीक गडद ठिपके उमटले तर गोंद पलीकडे आला, म्हणजे या पातळ कापडाला हे फ्युजिंग जड आहे. फक्त धुतल्यावर फुगलं तर दोनच शक्यता: अर्धवट चिकटवलं किंवा कापड न धुता वापरलं. आधीच फुगलेली कॉलर ओल्या फडक्याने पुन्हा दाबून पाहायला हरकत नाही. चिकटणं कमी पडलं असेल तर सुधारते. कापड आटलं असेल तर नाही.

चकाकीचं कारण दाबात आहे. टीप उघडल्यावर मार्जिनच्या कडा खाली जाड राहतात. वरून इस्त्री दाबली की तो उंचवटा तळावर घासतो, पॉलिस्टरचे मऊ झालेले धागे तिथे चपटे होतात आणि चपटा पृष्ठभाग आरशासारखा उजेड परतवतो. गडद रंगावर ते लगेच डोळ्यांत येतं. लोकरीवरची चकाकी बहुधा भरपूर वाफ देऊन, इस्त्री न टेकवता, मऊ ब्रशने धागे उभे केले की जाते. पॉलिस्टरवरची सहसा जात नाही, म्हणून ती होऊच न देणं हाच उपाय.

एक साधी टीप कशी बसवायची ते नीट सांगतो. टीप मारल्यावर कापड उघडू नका. दोन्ही थर एकावर एक असतील तसेच पाटावर ठेवा आणि टिपेवरून इस्त्री टेकवत जा, दोन-तीन सेकंदांना एक जागा. याने दोरा कापडात बसतो आणि बारीक गोळा झालेली टीप सरळ होते. हे थंड होऊ द्या. मग उलट बाजूने मार्जिन उघडा, बोटाने किंवा लाकडी पट्टीने आधी फोडा आणि इस्त्रीचं फक्त टोक टिपेच्या खाचेतून न्या. मार्जिनच्या कडांवर तळ टेकवायचा नाही. मार्जिनखाली दोन्हीकडे जाड कागदाच्या पट्ट्या सरकवल्या की कडा सुलटीकडे उमटत नाहीत. टीप दंडगोलावर ठेवली तर तेही लागत नाही, कारण कडा दोन्हीकडे खाली लोंबतात. असा दंडगोल घरी होतो: जुनं सुती कापड लाटण्याएवढ्या जाडीचं घट्ट गुंडाळायचं आणि वर धुतलेल्या सुती कापडाची खोळ शिवायची. शेवटी सुलट बाजूने, फडकं घालून, एकदाच हलकं टेकवायचं. जाड कापडावर वाफ देऊन लगेच इस्त्री उचला आणि गुळगुळीत घासलेला, पॉलिश न केलेला लाकडी ठोकळा टिपेवर १५ ते २० सेकंद दाबून धरा. लाकूड ओल आणि उष्णता शोषतं, वरून दाब राहतो, आणि कापड दाबाखालीच थंड होतं. चार गोष्टींतली जी चौथी सगळे विसरतात, ती इथे मिळते. लोकर आणि डेनिमच्या कडा अशाच धारदार होतात.

टक्स पाटावर सपाट ठेवून दाबली की टोकाला खळगा पडतो. तिच्याखाली गोल, घट्ट भरलेली उशी हवी. लाकडाच्या भुश्याने ठासून भरलेली उशी हाताने दाबली तर दबता कामा नये. एका बाजूला सुती आणि दुसऱ्या बाजूला लोकरीचं कापड लावा. उभी टक्स मध्याकडे वळवायची, छातीची आडवी टक्स खालच्या दिशेला. टोकाच्या पलीकडे इस्त्री नेऊ नका. बाहीच्या माथ्याचा झोलही याच उशीवर: मार्जिनच्या आतच, टोकाने, वाफ देत देत. लोकर आवळून झोल गिळते, पॉलिस्टर नाही. म्हणून पॉलिस्टरच्या बाहीत झोल कापतानाच कमी ठेवावा.

कापडांचं बोलायचं तर प्रत्येकाचा तुकडा आधी तपासा, आणि दिवसाची सुरुवात कमी तापमानाच्या कापडाने करा. तळ तापायला दोन मिनिटं लागतात, थंडावायला त्याहून बराच जास्त वेळ. शिवाय थर्मोस्टॅट पहिल्या खेपेला ठरलेल्या तापमानाच्या वर जाऊन मग बंद होतो, त्यामुळे रेशीम, नायलॉन, ॲसिटेट यांना दिवा एकदा विझून लागेपर्यंत हात लावू नका. रेशमावर पाण्याचा थेंब डाग ठेवू शकतो, म्हणून कोरडी इस्त्री आणि वर रेशमी ऑर्गँझाचं फडकं; ते उष्णता सोसतं आणि आरपार दिसत असल्यामुळे खालची टीपही कळते. ॲक्रिलिकच्या विणलेल्या कापडावर वाफ दिली की ते ढिलं पडतं आणि पुन्हा आवळत नाही. व्हिस्कोस ओलं असताना कमजोर असतं आणि ओढलं की लांबतं, उचलून टेकवा. मखमलीखाली मखमलीचाच तुकडा, लव वर करून, आणि वरून इस्त्री एक-दोन सेंटीमीटर दूर धरून नुसती वाफ. टिकल्या उष्णतेने वळतात. प्लॅस्टिकची चेन असेल तर दात झाकून आजूबाजूनेच. तिरप्या कापडावर इस्त्री तिरपी फिरवली तर गळा हमखास वाढतो. ती नेहमी उभ्या किंवा आडव्या धाग्याच्याच दिशेने.

आणि खुणा! पाण्याने जाणारी निळी पेनची खूण इस्त्रीखाली आली तर ती पक्की बसू शकते, आधी धुवा. मेणाचा खडू वितळून तेलकट डाग सोडतो. उष्णतेने नाहीशी होणारी शाई खूप थंडीत परत दिसू शकते, म्हणून ती सुलट बाजूवर वापरू नये.

पाटाकडे कुणी फारसं पाहत नाही, पण अर्धा दोष तिथे असतो. वाफ कापडातून खाली जायला हवी आणि तिथून निघूनही जायला हवी. जाळीचा पाट, त्यावर लोकरीचा किंवा नमद्याचा थर आणि वर साधं सुती कापड ही उत्तम रचना. चंदेरी लेपाची खोळ उष्णता परतवते पण ओल अडवते. कापड खालून दमटच राहतं आणि पाटावरून उचलताच दिलेला आकार सोडतं. नुसत्या टेबलावर घोंगडी टाकून काम करत असाल तर घोंगडी दर अर्ध्या तासाने उलटी करा, टेबलाचं पॉलिशही वाचेल.

तळाला गोंद लागलाच तर तो गार होऊ देऊ नका. तापलेली इस्त्री जाड सुती फडक्यावर दाबून घासा, फडक्याची जागा बदलत राहा. जुना करपलेला गोंद तळ साफ करायच्या पेस्टने काढा. नंतर भोकांत अडकलेली पेस्ट कापसाच्या काडीने काढून दोन-तीन वेळा वाफ फडक्यावर सोडा. लेप असलेल्या तळावर तारेची घासणी, मीठ किंवा सुरी नको. एक ओरखडा पुढे प्रत्येक रेशमाचा धागा ओढतो. बटणं, टाचण्या आणि चेनचे धातूचे दात यांच्यावरूनही इस्त्री नेऊ नका, ओरखडे बहुतेक तिथूनच येतात.

विजेबाबत: २३० व्होल्टवर २००० वॉटची इस्त्री ८.७ अँपिअर ओढते. ती थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटला लावा. मशीन, दिवा आणि इस्त्री एका बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर नको, आणि गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर तर मुळीच नको. ती गुंडाळी आतून तापते. वाफ देताना कापडाखाली हात घालायची सवय शिवणाऱ्यांना लागते, कारण मार्जिन धरून ठेवायची असते. वाफ कापडाच्या आरपार येते. हाताऐवजी लाकडी पट्टी किंवा चिमटा वापरा.

हँडलपाशी वायर कडक झाली असेल, वाकवल्यावर दिवा लुकलुकत असेल, किंवा आत धुऊनही आणि पूर्ण तापल्यावरही पाणी नुसत्या भोकांतून नाही तर तळाच्या कडेने येत असेल, तर ती इस्त्री वापरणं थांबवा. पहिल्या दोन्हींत वायर बदलून काम भागतं. कडेने येणारं पाणी म्हणजे आतला सांधा गेला, आणि बऱ्याच इस्त्र्यांत तो उघडून परत घट्ट बसवता येत नाही. वायर आणि थर्मोस्टॅट धड असतील तर तीच इस्त्री टाकी रिकामी ठेवून, पूर्ण वाळवून, कोरडी इस्त्री म्हणून फ्युजिंगसाठी राखून ठेवा.